पाण्यातला उजेड : प्रवाळांच्या लहान टाकीसाठी एल.ई.डी. दिवा

(मोठ्या गटासाठी अभ्यासलेख. पालकांनीही वाचावा.)



गेल्या महिन्यात तुमच्यापैकी काहीजण आमच्या सीफमधील घरी आला होतात. आया हळदीकुंकवात गुंतल्या होत्या आणि तुम्ही सारे बैठकीच्या खोलीतील माशांच्या टाकीपुढे जमला होतात. खरे म्हणजे त्या टाकीत मासे दोनच आहेत. बाकी सारी वस्ती प्रवाळांची. सातवीतील एका मुलीने दोन प्रश्न विचारले. "काका, दिवा निळा का?" आणि "काका, हे एक पांढरे का पडले आहे?" पहिल्याचे उत्तर मी तिथल्या तिथे दिले. दुसऱ्याचे देताना जीभ अडखळली, कारण ते प्रवाळ माझ्याच हातून पांढरे पडले होते. आपल्या वर्गातील दोन घरांत अशी टाकी घेण्याचे चालले आहे असे नंतर कळले. तेव्हा दोन्ही उत्तरे आता सविस्तर देतो.

आधी शब्द पाहू, कारण हा मराठीचा वर्ग आहे. आजीच्या अंगठीत जे लाल पोवळे असते तेही प्रवाळच. संस्कृतात 'प्रवाल' या शब्दाचा एक अर्थ कोवळी पालवी असाही आहे. म्हणजे समुद्रातील या फांद्या पाहून पूर्वीच्या लोकांनाही त्या झाडाच्याच वाटल्या असाव्यात. पण दागिन्यातील लाल पोवळे भूमध्य समुद्रात, कपारींत आणि अंधाऱ्या खोल जागी वाढते. त्याला उजेडाची गरज नाही. आपल्या टाकीत असतात ती प्रवाळे वेगळी. ती उजेडावर जगतात. दोघांचे नाव एक, पण राहणी निराळी.

आणि 'सीफ'? अरबीत याच अक्षरांचा 'सैफ' असा उच्चार केला तर अर्थ होतो तलवार, आणि 'सीफ' असा केला तर किनारा. आपण राहतो ती जमीन बरीचशी समुद्रात भराव घालून केलेली आहे. म्हणजे जिथे आपली टाकी ठेवली आहे तिथे पूर्वी पाणीच होते. असो.

प्रवाळ हे झाड नाही, दगडही नाही. तो प्राणी आहे. एकेका लहान प्राण्याला पॉलिप म्हणतात. त्याला तोंड असते, तोंडाभोवती मऊ बाहू असतात. दगडी प्रवाळांचे पॉलिप आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा रचतात आणि अशा असंख्य सांगाड्यांची मिळून प्रवाळभित्ती होते. पॉलिपच्या पेशींत अतिसूक्ष्म शैवाल वस्तीला असतात. शास्त्रज्ञ त्यांना झूझँथेली म्हणतात. हे भाडेकरू सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा घरमालकाला देतात. काही प्रवाळांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी भाड्यापोटी मिळते. घरमालक त्या बदल्यात आसरा देतो आणि आपल्या शरीरातील टाकाऊ पदार्थ खत म्हणून देतो. म्हणून प्रवाळाच्या टाकीवरचा दिवा हा शोभेचा दिवा नाही. तो तिथला स्वयंपाकघरातील शेगडीसारखा आहे. शेगडी बारीक ठेवली तर उपास घडतो आणि फार मोठी केली तर घर पेटते. माझ्या घरी दुसरे झाले.

आता निळ्या रंगाकडे वळू. पांढऱ्या उन्हात सप्तरंग असतात हे तुम्ही शाळेत शिकला आहात. पाण्यात शिरल्यावर हे सातही रंग सारखे खोल जात नाहीत. तांबडा सर्वांत आधी शोषला जातो. अगदी स्वच्छ पाण्यातदेखील पाच मीटर खाली गेल्यावर गडद तांबड्या प्रकाशाचा सुमारे सहावा हिस्साच उरतो. निळा मात्र जवळजवळ सगळा शिल्लक असतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर भर समुद्रात अँग्रिया बँक नावाचे बुडालेले प्रवाळपठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला हे नाव पडले. त्याचा माथाच मुळी पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. तिथल्या प्रवाळांनी तांबडे ऊन जवळजवळ पाहिलेलेच नसते. त्यांच्या पोटातील शैवालही निळा प्रकाश पकडण्यात तरबेज असतात.

आपल्या टाकीची खोली चाळीस सेंटिमीटर. एवढ्या पाण्यात तांबडा प्रकाश गाळला जात नाही. म्हणून जे काम समुद्रात पाणी करते ते इथे दिव्याला करावे लागते. दिव्यातच निळा अधिक, पांढरा थोडा आणि तांबडा-हिरवा नावापुरता ठेवायचा. दिवा निळा असण्याचे कारण एवढेच आहे.

निळ्या दिव्याखाली काही प्रवाळे हिरवी, केशरी चमकतात ते तुम्ही पाहिलेत. तो दिव्याचा रंग नव्हे. त्यांच्या अंगातील विशिष्ट प्रथिने निळा प्रकाश गिळतात आणि हिरवा किंवा केशरी परत टाकतात. असे हिरवे प्रथिन पहिल्यांदा एका जेलीफिशमध्ये सापडले. ते शोधणाऱ्या ओसामू शिमोमुरा यांना इतर दोघांसह २००८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आणखी एका नोबेलचा इथे संबंध येतो. तांबडे आणि हिरवे एल.ई.डी. पुष्कळ वर्षांपूर्वीच निघाले होते. टेपरेकॉर्डरवर लुकलुकणारा लाल ठिपका तुमच्या आईवडिलांना आठवत असेल. निळा मात्र कोणाला साधेना. जपानमध्ये इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो साधला आणि १९९३ साली नाकामुरांचा लख्ख निळा एल.ई.डी. जगापुढे आला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले. गंमत अशी, की घरातील पांढरा एल.ई.डी.देखील बहुधा आतून निळाच असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला, की बाहेर पांढरा उजेड पडतो. हा शोध लागला नसता तर प्रवाळांची टाकी आजही ट्यूबलाइट नाहीतर मेटल हॅलाइडच्या दिव्यांवर चालली असती. मेटल हॅलाइडचा उजेड फार सुंदर, पण आच भट्टीसारखी. बाहेर ऑगस्टची हवा आणि आत असा दिवा म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला उसंत नाही. एल.ई.डी.ही गरम होतो, पण त्याची उष्णता बहुतेक वरच्या बाजूने, धातूच्या पंख्यांतून बाहेर जाते. खाली पाण्यावर फारशी पडत नाही. आखातात राहणाऱ्यांनी दुसरा कुठला दिवा घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता या पाठातील अवघड भाग. उजेड मोजायचा कसा?

दुकानात गेलात तर कोणी सांगेल, "लिटरमागे इतके वॉट घ्या." हा हिशेब ट्यूबलाइटच्या काळातला आहे, तो विसरा. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो. तो उजेड किती देतो, आणि दिलेला उजेड नेमका कुठे पडतो, हे त्यावरून कळत नाही. दुसरा कोणी मोबाइलवर लक्स मोजून दाखवील. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी केलेले आहे. आपल्या डोळ्याला पिवळसर हिरवा रंग सर्वांत प्रखर वाटतो आणि निळा मंद वाटतो. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला लक्सच्या मापात हिरव्याच्या जेमतेम पंचविसाव्या हिश्श्याइतके वजन मिळते. प्रवाळाला जो प्रकाश सर्वांत मोलाचा, तोच या तराजूत हलका भरतो! निळ्या दिव्याखाली लक्स कमी दिसले म्हणून दिवा वाढवणे म्हणजे कापड मोजायच्या गजाने दूध मोजण्यासारखे आहे.

योग्य माप आहे 'पार'. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाश म्हणजे पार. तो मोजताना एका सेकंदात एका चौरस मीटरवर प्रकाशाचे किती कण पडले ते मोजतात. कणांची संख्या प्रचंड असते, म्हणून ती मायक्रोमोलमध्ये सांगतात. (मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण. मायक्रोमोल म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग.) भर दुपारच्या उन्हात लक्सचा आकडा एक लाखाच्या घरात जातो. उन्हासाठी ५४ लक्सला सुमारे एक मायक्रोमोल असा हिशेब बसतो. एक लाखाला ५४ ने भागा. सुमारे १८५० येतील. बाल्कनीत मे महिन्यात डोळे दिपतात ते या आकड्याने. मात्र हा ५४ चा भागाकार उन्हापुरताच खरा. निळ्या एल.ई.डी.ला तो लावू नका.

टाकीतील प्रवाळांना एवढे ऊन लागत नाही. नवशिक्यांची मऊ प्रवाळे, म्हणजे मशरूम, झोअँथिड, लेदर यांना ५० ते १०० मायक्रोमोल पुरतात. हॅमर, टॉर्च यांसारख्या मोठ्या पॉलिपांच्या दगडी प्रवाळांना साधारण ८० ते १५०. अ‍ॅक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपांच्या फांद्यांना २०० ते ३५०. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. एकाच जातीची दोन प्रवाळे वेगवेगळ्या उजेडात वाढलेली असली तर त्यांची सवय वेगळी असते. पण आकडा ठाऊक असला तर निदान आपण शेगडीवर काय ठेवले आहे ते तरी कळते. पार मोजणारे यंत्र महाग असते आणि वर्षातून दोनतीनदाच लागते. चार घरांत मिळून एक घ्यावे, नाहीतर कोणाचे तरी दोन दिवसांसाठी मागून आणावे. पाण्याखाली चालणारे आणि निळा प्रकाश नीट मोजणारे यंत्र हवे. काही जुनी यंत्रे निळा कमी दाखवतात.

दिवा निवडताना मी काय पाहतो ते सांगतो. आमची टाकी ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच आहे. ६० × ४० × ४० म्हणजे ९६,००० घन सेंटिमीटर, अर्थात ९६ लिटर. दगड आणि वाळू वजा जाता पाणी त्याहून कमी. इतक्या लांबीला एका चौकोनी लहान दिव्याचा झोत पुरत नाही. मधोमध लख्ख ऊन आणि दोन्ही टोकांना संध्याकाळ, असे होते. मध्याखाली ठेवलेले प्रवाळ भाजते आणि कोपऱ्यातले झुरते. म्हणून ६० सेंटिमीटरला दोन लहान दिवे किंवा लांब पट्टीसारखा एक दिवा घ्यावा. ३० ते ४० सेंटिमीटरच्या चौकोनी टाकीला एक पुरतो. अ‍ॅक्वा इल्युमिनेशनचा प्राईम किंवा केसिलचे लहान दिवे या कामासाठीच केलेले असतात. पण नाव कोणतेही असो, निळा आणि पांढरा स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतो ना, एवढे आधी पाहावे. ज्या दिव्याला फक्त 'चालू' आणि 'बंद' असे दोनच पर्याय आहेत तो प्रवाळांसाठी घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त मिळो.

त्यानंतर भिंगे. एल.ई.डी.च्या थेंबावर बसवलेले भिंग अरुंद असले तर उजेड खोलवर जातो. ते खोल टाक्यांसाठी ठीक. उथळ टाकीला रुंद कोनाची भिंगे बरी, कारण उजेड पसरतो आणि सावल्या मऊ पडतात. एल.ई.डी. हा बिंदूतून येणारा उजेड, म्हणून पाणी हलले की तळावर कवडसे नाचतात. ट्यूबलाइटखाली असे होत नाही. 'कवडसा' हा शब्द नीट लक्षात ठेवा: कौलाच्या फटीतून जमिनीवर पडणारा उन्हाचा लहान तुकडा. सीफच्या इमारतींना कौले नाहीत, पण कवडसे आमच्या टाकीत रोज पाहायला मिळतात.

बाकी गोष्टी चटकन सांगतो. टाकीतून मिठाचे तुषार उडतात आणि दिव्याच्या काचेवर पांढरा थर बसतो. तो दर आठवड्याला ओल्या फडक्याने, दिवा बंद करून पुसावा. नाहीतर उजेड हळूहळू कमी होतो आणि आपल्याला कळतही नाही. वायर प्लगपर्यंत सरळ नेऊ नये. तिला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेले पाणी झोळावरून खाली गळते, प्लगमध्ये शिरत नाही. इथली वीज २३० व्होल्टची आहे आणि खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. हे काम मुलांनी मोठ्यांशिवाय करू नये. पेटलेल्या दिव्याकडे खालून टक लावून पाहू नये. आणि टाकी पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवू नये. तिसऱ्या प्रहरी येणारी उन्हाची तिरीप पाणी तापवते आणि काचेवर हिरवे शेवाळ माजवते.

आता माझी चूक.

जुन्या ट्यूबा काढून मी नवा एल.ई.डी. आणला. दिवा चांगलाच होता. संध्याकाळी बसवला, सगळे आकडे शंभरावर नेले आणि घरच्यांना बोलावले. टाकी अशी झळाळली, की शेजारचेही येऊन पाहून गेले. तिसऱ्या दिवशी हॅमर प्रवाळ नेहमीसारखे फुलले नाही. (त्याच्या बाहूंची टोके हातोडीसारखी असतात, म्हणून आमच्या घरी त्याचे नाव 'हातोडी'.) मला वाटले, नव्या उजेडाने लाजले असेल. पाचव्या दिवशी त्याची हिरवी कांती फिकी पडली. मी पाणी तपासले, मीठ तपासले, उष्णता तपासली. सगळे ठीक होते. दिव्याकडे मात्र पाहिले नाही, कारण दिवा तर नुकताच हौसेने आणलेला! नवव्या दिवशी हातोडी पांढरी झाली. आतला सांगाडा कातडीतून दिसू लागला.

मग पार मोजण्याचे यंत्र मागून आणले. दिवा शंभरावर असताना हातोडीच्या जागी ३१० आले. जुन्या ट्यूबांखाली त्याच जागी ७० मायक्रोमोल होते. एक ट्यूब तात्पुरती जोडून पाहिली आणि उरलेल्यांचा हिशेब केला. दिवसाचा हिशेब मांडू. दहा तास म्हणजे ३६,००० सेकंद. ७० × ३६,००० = २५,२०,००० मायक्रोमोल, म्हणजे अडीच मोल. ३१० × ३६,००० = १,११,६०,०००, म्हणजे अकरा मोलांहून थोडे अधिक. एका रात्रीत उजेड चौपटीहून जास्त वाढला होता. ज्याने चार महिने घराबाहेर पाऊल टाकले नाही त्याला एकदम जुलैतल्या दुपारी फुटबॉल खेळायला पाठवावे, तसे.

आत नेमके काय होते? शैवालाला पेलवेल त्याहून अधिक प्रकाश आला, की अन्न तयार करण्याची यंत्रणा तुंबते. जादा ऊर्जा ऑक्सिजनच्या घातक रूपांत बाहेर पडू लागते आणि ती पेशींनाच जाळते. मग प्रवाळ त्या शैवालांना बाहेर काढते. भाडेकरू गेले, त्यांच्याबरोबर रंग गेला आणि भाडेही बंद झाले. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मेलेले नसते. ते उपाशी असते. योग्य उजेड मिळाला आणि थोडे बाहेरचे अन्न मिळाले, तर उरलेले शैवाल काही आठवड्यांत वा महिन्यांत पुन्हा वाढू शकतात. आमच्या हातोडीला तीन तोंडे होती. दोन सावरली. तिसऱ्याच्या जागी आता नुसता सांगाडा आहे, तोच त्या मुलीने पाहिला.

तेव्हा नवा दिवा लावताना असे करा. यंत्र मिळत असेल तर प्रत्येक प्रवाळाच्या जागी आधीचा पार मोजून कागदावर टाकीचा नकाशा काढून लिहा. नव्या दिव्याचा आकडा असा ठेवा, की त्याच जागी तितकाच किंवा थोडा कमी पार पडेल. आमच्या बाबतीत तो आकडा शंभर नव्हे, बावीसच्या आसपास होता. (७० ला ३१० ने भागून पाहा.) यंत्र नसेल तर पंचवीस ते तीस टक्क्यांवर सुरुवात करा, आणि दर आठवड्याला फार तर पाच टक्के वाढवा. दिवा पाण्यापासून २० ते ३० सेंटिमीटर उंच टांगा. उंच नेला की उजेड पसरतो आणि सौम्य होतो, खाली आणला की गोळा होतो. दिवा कमी करणे शक्य नसेल तर मच्छरदाणीच्या जाळीचे दोनतीन थर टाकीवर पसरा आणि आठवड्याला एकेक काढा. उपाय खेड्यातला वाटेल, पण चालतो. नवे आणलेले प्रवाळ आधी तळाशी, वाळूवर ठेवा. वरची जागा त्याला सवडीने मिळू द्या.

एका वेळी एकच बदल करा. आकडा, उंची, तास आणि रंग असे चारही एकदम बदलले, तर प्रवाळाने तोंड फिरवल्यावर कशामुळे ते कधीच कळणार नाही.

दिवस किती तासांचा ठेवावा? आम्ही नऊ तासांचा ठेवतो: दुपारी एकला पहाट, दोन वाजता पूर्ण उजेड, रात्री नऊपासून संधिप्रकाश आणि दहाला अंधार. शाळा-कचेरीहून आल्यावर टाकी पाहायला मिळते, हे खरे कारण. प्रवाळांना घड्याळात किती वाजले याचे काही नाही; रोजचा नेम मात्र लागतो. म्हणून टाइमर हवाच. रात्री निळा दिवा शोभेसाठी जळत ठेवू नये. त्यांना अंधारही तितकाच लागतो.

उजेड कमी की जास्त, हे प्रवाळे सांगत असतात. फक्त उलटे ऐकू येऊ नये. तपकिरी पडू लागले, की बरेचजण घाबरून दिवा कमी करतात. वस्तुतः कमी उजेडात शैवाल दाट होतात आणि त्यांचा तपकिरी रंग वर येतो, म्हणजे उजेड कमी पडत असावा. पाण्यात खत फार झाले तरी असेच होते, म्हणून पाणीही तपासावे. मशरूमसारखी प्रवाळे देठ लांबवून वर ताणली तर तीही उजेड शोधत असतात. उलट फिकी पडली, आक्रसली, सावलीच्या बाजूला फुलून दिव्याच्या बाजूला मिटून राहिली, तर उजेड जास्त आहे. अशा वेळी थांबू नका. मी सहा दिवस थांबलो.

आता काचेबाहेरच्या समुद्राकडे पाहू. बहारीन म्हणजे 'दोन समुद्र'. या समुद्रांत मोत्यांच्या शिंपल्यांबरोबर प्रवाळेही आहेत. इथले लोक उथळ खडकाळ भागांना 'फश्त' म्हणतात. पूर्वेकडील फश्त अल अझम हे त्यांतले प्रसिद्ध. आपल्या आखाताची सरासरी खोली केवळ ३५ मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे उन्हाळ्यात ते भांड्यातल्या पाण्यासारखे तापते. जगातील समुद्रांची क्षारता हजारी ३५ च्या आसपास. आपल्या किनाऱ्याजवळ ती ४० च्या वर जाते. (म्हणून इथले समुद्राचे पाणी तसेच आणून टाकीत ओतता येत नाही.) एवढ्या उष्ण, खारट पाण्यात प्रवाळ जगते हेच नवल. २०१५ साली शास्त्रज्ञांनी आखातातील प्रवाळांच्या पोटात राहणाऱ्या, उष्णता सोसणाऱ्या एका शैवालाची नवी जात म्हणून नोंद केली. तिच्या नावातच 'थर्मोफिलम', म्हणजे उष्णताप्रिय, असा शब्द आहे.

तरी सोसण्यालाही मर्यादा असते. १९९६ आणि १९९८ साली आखातातील प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली आणि मेली. फांद्यांच्या अ‍ॅक्रोपोराची हानी सर्वांत जास्त झाली. तिथे कोणी दिवा शंभरावर नेला नव्हता. पाणी तापले, तेव्हा शैवालांची यंत्रणा दुबळी झाली आणि नेहमीचेच ऊन त्यांना जास्त झाले. आमच्या टाकीत उजेड वाढला, समुद्रात सोसण्याची ताकद घटली. आत घडते ते एकच. शिवाय भराव आणि गाळ यांनी उथळ फश्तांचे नुकसान केले ते वेगळे. भरावावर घर असलेल्या माणसाने हे लिहिताना थोडे ओशाळावे लागते.

या कारणाने एक नियम आमच्या घरी पक्का आहे. समुद्रातून प्रवाळ उचलून आणायचे नाही, इथेही नाही आणि सुट्टीत मालवणला गेल्यावरही नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वाघाच्याच यादीत, पहिल्या अनुसूचीत, स्थान मिळाले. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बुडी मारून पाहा, वाटेल तितके पाहा; पिशवीत घालू नका. दगडी प्रवाळे एका देशातून दुसऱ्या देशात न्यायलाही परवाना लागतो. टाकीसाठी दुसऱ्याच्या टाकीत वाढलेल्या फांदीचा तुकडा घ्यावा. तो दिव्याच्या उजेडाला सरावलेलाही असतो, आणि तो कोणत्या पारमध्ये वाढला हे देणाऱ्याला विचारता येते.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ येते आहे, म्हणून शेवटी तेवढेच. महिनाभर घर बंद करून भारतात जाताना टाकीच्या खोलीतील ए.सी. बंद करू नका. दिवा नेहमीपेक्षा एकचतुर्थांश कमी करून जा, कारण गरम पाणी आणि भरपूर उजेड ही जोडी वाईट, आणि पाणी तापले तर ते पाहायला आपण नसतो. पाण्याची उष्णता २८ अंशांवर गेली तर दिवा आपोआप बंद करणारे यंत्र मिळते, ते बसवावे. किल्ली शेजाऱ्यांकडे द्या आणि त्यांना एकच गोष्ट शिकवा: उष्णतामापक कुठे आहे. बाकी सूचनांचा कागद कोणी वाचत नाही.

स्वाध्याय

१. एका प्रवाळावर १२० मायक्रोमोल पार रोज आठ तास पडतो. दिवसाचे किती मोल झाले? आमच्या हातोडीच्या दोन्ही आकड्यांशी तुलना करा.

२. पांढऱ्या कागदावर तांबडी आणि निळी अशा दोन चिकटपट्ट्या लावा. खोलीत अंधार करून आधी निळ्या आणि मग पांढऱ्या उजेडात त्या पाहा. तांबडी पट्टी निळ्या उजेडात कशी दिसते, आणि का, ते पाच ओळींत लिहा.

३. ऊन, उजेड, तिरीप, कवडसा, झोत, संधिप्रकाश हे शब्द वाक्यांत वापरा. मग आजीला किंवा आजोबांना फोन करून त्यांच्या गावी उजेडासाठी आणखी कोणते शब्द वापरतात ते विचारा. निदान तीन नवे शब्द मिळवा.

वह्या पुढच्या शुक्रवारी आणाव्यात. ज्यांना हातोडी पाहायची आहे त्यांनी दुपारी दोननंतर यावे. त्याआधी ती झोपलेली असते.